वाचनालयाची रस्त्याकडची भिंत

वेळशेतच्या वाचनालयाची रस्त्याकडची भिंत चांगली वीस हात लांब होती, आणि नेमकी एस.टी.च्या थांब्याला लागून होती. हेच तिचं नशीब. धसईच्या गाडीची वाट बघणारा पुरुष पाचेक मिनिटं तंबाखू मळायचा, मग इकडेतिकडे बघायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आत ग्रंथपाल रश्मी भर एप्रिलात खिडक्या लावून बसायची.

"सदाभाऊ, भिंतीचं काय ते करा," ती एक दिवस म्हणाली. "मासिकं चाळायला चार बाया येत होत्या, त्यापण वासानं बंद झाल्या. आता मीच तेवढी उरलेय."

सदाभाऊ म्हणजे सदानंद रोकडे. दिवसा मुरबाडला सरकारी कचेरीत कारकून, आणि संध्याकाळी व रविवारी 'वाचनालय मित्र मंडळा'चा सचिव. मंडळात एकूण पाच माणसं. कामं म्हणजे फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालणं, कपाटांना वाळवी लागली का बघणं, रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवणं. पाचांपैकी तिघं मीटिंगला येत आणि एक जण काम करी. तो एक कोण, हे सदानंद कुणाला सांगत नसे, पण त्याच्या बायकोला ते रोज ऐकावं लागे.

२००४ सालच्या त्या एप्रिलात त्यानं भिंतीसाठी मीटिंग बोलावली. नवल म्हणजे पाचही जण आले.

अध्यक्ष भगीरथशेठ, त्यांची भाताची गिरणी. ते बसायच्या आधीच म्हणाले, "त्यात मीटिंग कसली घेतोस? देवांच्या टाइल्स लाव ओळीनं. शंकर, गणपती, देवी. मग कोण उभा राहतो बघू."

"शेठ, देवाला राखणीला बसवायचं? आणि तेपण असल्या राखणीला?"

"मग तुझ्या बुद्धाची लाव एखादी. माझी ना नाय."

"माझी आहे," सदानंद म्हणाला. "त्याला दुसरी कामं आहेत."

मुकेशचं रंगाचं दुकान होतं. त्यानं खालून काटेरी तार लावायची सूचना केली. तार कुठल्या उंचीला लावायची यावर दहा मिनिटं चर्चा झाली आणि रश्मी उठून बाहेर गेली. शेवटी येसूबाई बोलल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून त्या निवृत्त झालेल्या, निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"चित्र काढा रे भिंतभर. चांगलं चित्र असलं की माणूस त्याच्याकडं बघतो, त्याच्यावर भलतं करत नाय. वरच्या वाडीतली भिमी लग्नाच्या भिंती काढते. तिला बोलवा. मजुरी रोजच्या रोज द्या, म्हणजे झालं."

ठराव झाला. भिमीला विचारायला कोण जाणार, यावर सगळ्यांनी सदानंदकडे बघितलं.

वाडी डोंगरावर, दीड तासाची चढण. भिमीच्या घराच्या कुडाला गेल्या वर्षीच्या लग्नाचं चित्र अजून होतं. गेरूवर तांदळाच्या पिठानं काढलेली माणसं, झाडं, मुंग्यांची रांग. भिमी चाळिशीची, बारकी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघणारी. तिचा नवरा चांगो ओट्यावर दोरी वळत बसला होता.

"कुनाचं लगीन हाय?" भिमीनं विचारलं.

"लग्न नाय. वाचनालयाची भिंत आहे."

"मंग लगीन नसता भित कशाला लिवायची?"

सदानंदनं गावाची शोभा, वाचनाची गोडी असं काहीतरी सुरू केलं. चांगो हसायला लागला. "खरं सांगा ना, सायेब. लोक मुततात म्हनून. मी पन उभा राहिलोय तिथं. खोटं कशाला बोलू?"

भिमी नवऱ्यावर खेकसली, मग थोडा विचार करून म्हणाली, "लग्नाबिगर देवाचा चौक लिवनार नाय. झाडं, मानसं, जनावरं लिवीन. नणंद येल संगती, ठमी. आन मधी कुनी बोलायचं नाय."

"कोणी नाय बोलणार," सदानंद म्हणाला. हे त्यानं आयुष्यात दिलेलं सगळ्यात बेजबाबदार वचन होतं.

पहिला घोळ रंगाचा. पावसात पीठ टिकणार नाही म्हणून ऑइलपेंट हवा होता, आणि मुकेशनं गेरूचा रंग मंडळाला भेट म्हणून दिला. डबा उघडला तर आत गाजराच्या हलव्यासारखा रंग.

"सुकला की गेरूच दिसतो," मुकेश म्हणाला.

सुकल्यावर तो आणखी गुलाबी झाला. बसमधून जाणारे लोक खिडकीतून डोकी बाहेर काढून बघायला लागले. मुकेश म्हणाला, रंग बरोबर आहे, भिंत चुकीची आहे. त्या रविवारी सदानंदनं स्वतः त्यात काळा आणि तपकिरी मिसळून पुन्हा हात मारला. त्याची नवी पँट त्या दिवसापासून घरात फरशी पुसायला गेली.

मग भिमी आणि ठमी आल्या. सकाळी उन्हाच्या आधी डोंगर उतरायच्या, दुपारी वाचनालयाच्या पडवीत भाकरी खायच्या, उन्हं कलली की परत. भिमीनं ब्रश एक दिवस वापरून बघितला आणि ठेवून दिला. बांबूची काडी दातानं चावून तिनं तिचा कुंचला केला. भिंतीच्या डाव्या टोकाला एक डोंगर उभा राहिला, त्यावर मोहाची झाडं, झाडाखाली टोपल्या घेतलेल्या बाया. थांब्यावरची माणसं खरंच भिंतीकडे तोंड करून बघू लागली, आणि बघण्याशिवाय दुसरं काही करेनात. रश्मीनं खिडक्या उघडल्या.

सदानंदला वाटलं, झालं. पण बघणाऱ्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळी तो मुरबाडहून उतरायचा तेव्हा दिवसभरात कोणी काय सांगून गेलं, याची यादी रश्मी त्याच्यापुढे वाचायची. भगीरथशेठना गिरणी हवी होती, धुराड्यासकट. मुकेशला ट्रॅक्टर. सरपंचांच्या भावाला क्रिकेट. एका गृहस्थानं तर बैलाची शिंगं चुकलीत म्हणून स्वतःच काडी उचलून दुरुस्त केली होती, आणि आता तो बैल हरणासारखा दिसत होता.

सदानंदनं पाटी लावली : 'चित्रकारांना सूचना देऊ नयेत. सूचना लेखी स्वरूपात सचिवांकडे द्याव्यात.'

तीन दिवसांत सत्तावीस चिठ्ठ्या आल्या. एकीत लिहिलं होतं, 'पाटी सुवाच्य अक्षरात लिहावी.'

"मी वेडा होईन गो," तो बायकोला म्हणाला.

"तुम्हाला कोणी सांगितलंय सचिव व्हायला?"

हे खरंच होतं. कोणीच सांगितलं नव्हतं. इतर कोणी तयार नव्हतं, एवढंच.

अर्धी भिंत झाली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी तो आला तर रश्मी दारातच उभी. भिमी-ठमी डोंगराच्या वाटेला लागल्या होत्या.

"सदाभाऊ, भिमीनं पुस्तक मागितलं."

"भिमीला वाचता येतं?"

"तिला नाय. मुलीला. रविना म्हणून आहे, आश्रमशाळेत. नववी झाली, सुट्टीला घरी आलीय. म्हणे, दिवसभर डबड्यावरचे कागद वाचत बसते, तिला एक जाडं पुस्तक द्या."

"मग दिलंस?"

"कसं देणार? नियम नऊ."

नियम नऊ सदानंदला पाठ होता, कारण तो त्यानंच लिहिला होता. सत्त्याण्णव साली परगावचा एक मास्तर अकरा पुस्तकं घेऊन बदलीवर निघून गेला. पत्रं पाठवली, माणूस पाठवला, पुस्तकं काही आली नाहीत. त्या संतापात सदानंदनं घरी बसून सुरेख अक्षरात लिहिलं : 'सभासदत्व केवळ वेळशेत ग्रामपंचायत हद्दीतील रहिवाशांसच मिळेल. यास कोणत्याही सबबीवर अपवाद नाही.' वरची वाडी दुसऱ्या पंचायतीत येत होती.

"मंडळापुढं ठेवू," तो म्हणाला. "आता एकीला दिलं तर उद्या सगळेच मागतील. नियम म्हणजे नियम."

रश्मीनं कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातात न देता खिडकीत ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भिमी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस अर्ध्या भिंतीवर डोंगर आणि अर्ध्या भिंतीवर नुसता तपकिरी रंग. पाचव्या दिवशी थांब्यावरचा एक माणूस त्या रिकाम्या अर्ध्याकडे तोंड करून उभा राहिला. भगीरथशेठ म्हणाले, "मी टाइल्सचं बोललो होतो." मुकेश म्हणाला, उरलेलं तोच पूर्ण करतो, त्याच्याकडे मोराचा छाप आहे.

रविवारी सदानंद पुन्हा डोंगर चढला. वाटेत ऊन लागलं, चप्पल तुटली. रागवायचं कुणावर हेच त्याला ठरवता येईना. पुस्तक नाही म्हणून काम अडवलं? मग तसं तोंडावर सांगायचं! आपण काय कमी धडपड केली या बाईसाठी? सत्तावीस चिठ्ठ्या अंगावर घेतल्या!

वाडीवर धूर होता. घराखालच्या तुकड्यात भिमी आणि ठमी राब भाजत होत्या. भाताच्या रोपासाठी जमिनीवर शेण, डहाळ्या, पाला पसरायचा आणि पेटवायचा. तो वारा बघून, एकाच वेळी करावा लागतो. भिमीचं तोंड राखेनं माखलेलं होतं.

"तू आली नाहीस," सदानंद धापा टाकत म्हणाला.

"राब भाजायचा हाय ना. ठमीनं सांगतलंन रश्मीला." ती आश्चर्यानं बघत राहिली. "भित कुठं पळती काय? मंगळवारी येतंय."

रश्मी त्याच्याशी बोलत नव्हती, म्हणून त्याला कळलं नव्हतं. तो ओट्यावर बसला. घरातून दोन वेण्या घातलेली एक मुलगी तांब्या घेऊन आली, त्याला पाणी दिलं आणि दाराशीच टेकून उभी राहिली.

चांगोनं दोरी बाजूला ठेवली. "सायेब, पोरीच्या पुस्तकाचं काय झालं?"

सदानंदनं नियम समजावून सांगितला. हद्द, पंचायत, बदलीवर गेलेला मास्तर, अकरा पुस्तकं. चांगोनं सगळं मान डोलवत ऐकलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "आमची पंचायत येगळी. पन भित लिवताना नाय आडवी आली पंचायत."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते सदानंदला जास्त लागलं. तो पाणी प्यायला. 'कुठंही गेलास तर दारात उभा राहून मागू नको, आत जाऊन माग,' असं त्याला लहानपणी त्याच्या बापानं बजावलं होतं. छप्पन साली बौद्ध झालेल्या माणसाला ते सांगायला कारण होतं. आता स्वतः दार लावून आपण डोंगरावर येऊन बसलोय, आणि वर तोंड करून नियम सांगतोय. मुलगी अजून उभी होती. तिनं एकदाही पुस्तक मागितलं नाही. तिनं मागितलं असतं तर बरं झालं असतं, त्याला निदान काहीतरी बोलता आलं असतं.

उतरताना त्याचा राग गेला नव्हता, फक्त ज्याच्यावर राग, तो माणूस बदलला होता.

सोमवारी मीटिंग. सदानंदनं नियमांची वही काढली, पेन काढलं आणि म्हणाला, "नियम नऊ मी लिहिला, मीच खोडतो."

"थांब थांब," भगीरथशेठ म्हणाले. "असं खोडता येत नाय. नियम बदलायचा तर एकतृतीयांश सभासद हजर पायजेत आणि त्यांच्या सह्या. हेपण तूच लिवलंयस. नियम सतरा."

ते खरं होतं. सदानंदनं वही मिटली. आपण इतके नियम लिहिले कशाला, हे त्याला आठवेना.

"आणि मी सांगतो," शेठ पुढे म्हणाले, "एकीला दिलंस की सगळा डोंगर खाली येईल. पुस्तकं राबात जळतील."

"तुमच्याकडं ब्याण्णव सालापासून दोन पुस्तकं आहेत, शेठ," रश्मी शांतपणे म्हणाली. "ती कुठं जळली?"

सभासद होते चौऱ्याण्णव. एकतृतीयांश म्हणजे बत्तीस. आजवरच्या कुठल्याही सभेला अकराच्या वर माणूस आला नव्हता, आणि त्या अकरांतले चार चहाला. सदानंदनं नोटीस काढली, घरोघर फिरला. 'येतो की' असं सगळे म्हणाले. सभेच्या दिवशी सहा जण आले. त्यातल्या एकाला ती सोसायटीची सभा वाटली होती.

"हे गाव म्हणजे..." सदानंद म्हणाला.

येसूबाई पडवीत उठून उभ्या राहिल्या. "सदा, माणसं सभेला येत नसतील तर सभा माणसांकडं ने. धसईच्या बाजाराच्या दिवशी सकाळी सगळं गाव कुठं असतं?"

थांब्यावर. बाजाराच्या दिवशी बसायला जागा मिळावी म्हणून लोक गाडीच्या पाऊण तास आधीच येऊन उभे राहत. सदानंदनं रजा टाकली. त्या सकाळी भिंतीसमोर त्यानं टेबल मांडलं, वर वही ठेवली. मागे भिमी आणि ठमी कामाला लागलेल्याच होत्या.

"हे काय, मतदान हाय?" एकानं विचारलं.

"सर्वसाधारण सभा आहे. तुम्ही सभासद आहात. सही करा."

"गाडी येल माझी."

"गाडीला वेळ आहे. सही करा!"

त्यानं नियम वाचून दाखवला, बदल वाचून दाखवला : जो वाचील त्याला सभासद होता येईल, गाव कुठलंही असो. मग नेहमीचं सुरू झालं. एकानं विचारलं, पण वर्तमानपत्र सकाळी सातला का येत नाही? दुसरा म्हणाला, बैलाचं हरीण कोणी केलं? तिसऱ्याला सही करायची होती, पण चष्मा घरी होता. कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेतलेली बाळी नावाची बाई म्हणाली, "मी सभासद हाय का?" रश्मीनं यादी बघितली. ती होती, अठ्ठ्याण्णवपासून. "मला कुनी सांगतलंच नाय गो!" म्हणत तिनं पाटी सदानंदच्या टेबलावर ठेवली आणि सही केली. कोंबड्यांनी वहीवर काय केलं, ते सोडून देऊ.

एकोणतीस सह्या झाल्या आणि नेमकी गाडी आली, वेळेवर. माणसं टेबल सोडून धावली.

"तीन!" सदानंद ओरडला. "फक्त तीन सह्या!" तो वही घेऊन गाडीच्या दाराशी गेला. एकानं पायरीवर एक पाय ठेवून सही केली. एकानं खिडकीतून हात काढून. कंडक्टरनं घंटी वाजवली. सदानंद दारात आडवा उभा राहिला.

"ओ, हटा! गाडी सोडायचीय!"

"एक सही राहिलीय."

"कसली?"

"एका पोरीला पुस्तक द्यायचंय," सदानंद म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, शर्टाला कोंबडीचं पीस चिकटलं होतं. गाडीत हसू उठलं, पण तो हटला नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी वही ओढली. भगीरथशेठ होते. ते धसईला तांदळाचं बघायला निघाले होते.

"दे इकडं," ते करवादले. "सगळ्या गाडीला खोळंबवतोय. विरोध आहे म्हणून लिव. पण हजर होतो म्हणून सही करतो. नियमात हजर असंच म्हटलंय ना?"

बत्तीस. शेठनी विरोध नोंदवून ठराव पास केला. गाडी गेली. सदानंद टेबलापाशी येऊन बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला. भिमीनं मागे वळून विचारलं, "झालं काय तुमचं? मंग टेबल बाजूला घ्या. खालची लाइन लिवायची हाय."

मेच्या अखेरीला भिंत पुरी झाली. उजव्या टोकाला तिनं रस्ता काढला होता, त्यावर गाडी, गाडीच्या टपावर कोंबड्या. गिरणी नव्हती. शेठ तीन वेळा शोधून गेले.

रविना पुढच्या रविवारी आली. कार्डावर तिनं स्वतःचं नाव लिहिलं, वाडीचं नाव लिहिलं, आणि कपाटांमधून फिरायला लागली. सदानंद मुद्दाम थांबला होता. ती एकेक कपाट बघत गेली, पुस्तकं काढून उघडत, परत ठेवत. पाऊण तासानं रिकाम्या हातानं टेबलाशी आली.

"काय झालं? आवडलं नाही काही?"

"ह्यात निम्म्यांची पानं नाय," ती म्हणाली. "दहावीचं गणित नाय. इंग्रजीची डिक्शनरी हाय, ती 'पी'पर्यंतच हाय. तुमी एवढी भांडणं केली म्हणं... ती ह्याच्यासाठी?"

रश्मीनं खिडकीबाहेर बघितलं. सदानंदच्या डोक्यात एकदम चढलं. दीड तासाच्या दोन चढणी, सत्तावीस चिठ्ठ्या, बत्तीस सह्या, एक पँट, एक चप्पल. आणि ही पोर पहिल्याच दिवशी उभी राहून वाचनालयाची तपासणी करतेय!

त्यानं फटकारायला तोंड उघडलं. मुलीनं नजर खाली घेतली नाही. आत येऊन मागत होती ती. दारातून नाही.

त्यानं टेबलाचा खण ओढला, सुतळीत ओवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला केला, खालचा कोरा कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"काय काय नाही ते लिही," तो त्रासून म्हणाला. "सगळं लिही. आणि सुवाच्य अक्षरात."

ती बाकावर बसली आणि लिहू लागली. कागदाची एक बाजू भरली, तिनं तो उलटला. सदानंदला साडेपाचच्या गाडीनं मुरबाडला लग्नाला जायचं होतं. तो घड्याळाकडे बघत, पाय हलवत, तिचं संपेपर्यंत बसून राहिला.